दिवाळीपासूनचे पडसे



गेल्या पंधरवड्यात धरणगाव तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले. पत्र लहानसेच, पण त्यात अख्ख्या घराचे नाक वाहत होते. त्या लिहितात, "दिवाळीपासून घरातली सर्दी हलायला तयार नाही. सासूबाई शिंकतात, मी शिंकते, धाकटा तीन वर्षांचा आहे, त्याचे नाक कोरडे म्हणून होत नाही. दोनदा औषध आणले. काढा झाला, वाफ झाली, ओव्याची पुरचुंडी हुंगून झाली. मालक मात्र ठणठणीत आहेत. असे कसे?" आणि खाली, जागा उरली म्हणून लिहावे तसे, "ता. क. घरात कापूस भरला असल्याने जागा कमी पडते. मालक मळ्यातच झोपतात."

बाईंनी प्रश्न वर विचारला आणि उत्तर स्वतःच ता. क. मध्ये लिहून टाकले. पण आपल्याकडे नाक वाहिले की ती सर्दी, आणि सर्दी म्हणजे काढा, ही गाठ इतकी पक्की बसली आहे की उत्तर समोर असून दिसत नाही. म्हणून आज ही गाठ सोडवायला बसू या.

नाक दोन कारणांनी वाहते. एक खरे पडसे. ते विषाणूंमुळे होते आणि माणसाकडून माणसाला लागते. हे विषाणू शेकड्यांनी आहेत, म्हणून एकदा झाले की पुन्हा होणार नाही असे कधी घडत नाही. त्याची चाल ठरलेली असते. आधी घसा खवखवतो, अंग मोडून येते, लहान मुलांना बारीक ताप येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाक जोरात वाहते, मग शेंबूड घट्ट व पिवळसर होतो आणि सात ते दहा दिवसांत सगळे आटोपते. खोकला थोडा मागे रेंगाळतो, इतकेच. पिवळा शेंबूड दिसला की घरातली म्हातारी माणसे घाबरतात आणि अँटिबायोटिकच्या गोळ्यांची मागणी होते. नुसत्या रंगावरून त्या गोळ्या लागत नाहीत. विषाणूवर त्या चालतच नाहीत.

दुसरे कारण म्हणजे वावडे. डॉक्टर याला ॲलर्जी म्हणतात. यात रोगजंतू नसतो. धुरळा, परागकण, बुरशी, कापसाची कूस असे काहीतरी नाकात जाते आणि एखाद्याचे शरीर त्याला शत्रू समजून लढायला उठते. अशा माणसाला ताप येत नाही. शिंका एकामागून एक दहा-दहा येतात, सकाळी उठल्या उठल्या जास्त. नाकातून निव्वळ पाणी गळते. नाक, डोळे, टाळू खाजते. मूल तळहाताने नाक वरच्या बाजूला चोळत राहते. आणि मुख्य म्हणजे हे आठवड्यात संपत नाही. कारण समोर आहे तोवर चालते आणि दरवर्षी त्याच दिवसांत परत येते. खाज आहे पण ताप नाही, आणि पंधरा दिवस उलटले तरी थांबत नाही, एवढे जरी ध्यानात ठेवले तरी निम्मे काम झाले.

आता कापसाकडे येऊ.

2021-22 च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा पल्ला ओलांडला, हे खान्देशात कोणाला सांगायला नको. पुढच्या वर्षी भाव सात-आठ हजारांवर आला आणि तो पुन्हा चढेल या आशेने लोकांनी कापूस घरातच ठेवला. 2023 चा उन्हाळा लागला तरी कितीतरी घरांत तो छतापर्यंत भरलेला होता. अंगाला खाज सुटते, पुरळ उठते, पोरांना झोप येत नाही, अशा तक्रारी तेव्हा जळगाव जिल्ह्यात गावोगाव ऐकू येत होत्या. कापूस विकावा की ठेवावा, यात मी पडणार नाही. ते ज्याचे त्याने पाहावे. मी नाकापुरते बोलते.

वेचून आणलेला कापूस पांढरा दिसतो म्हणून स्वच्छ वाटतो. तो तसा नसतो. त्यात बोंडाभोवतीच्या वाळलेल्या पानांचा चुरा असतो, माती असते, बारीक किडे असतात, आणि ओलसर भरला असेल तर बुरशी धरते. हा चुरा दिसणार नाही इतका बारीक होऊन हवेत तरंगतो. कापडगिरण्यांच्या दिवसांत सूतखात्यातल्या कामगारांना याच धुळीने छातीचा विकार जडत असे. डॉक्टरांनी त्याला बिसिनोसिस नाव दिले आहे. त्याची खूण मोठी चमत्कारिक. रविवारची सुट्टी घेऊन कामगार सोमवारी कामावर आला की छाती आवळून यायची. आठवडाभर अंगवळणी पडायचे आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. आपल्या घरातली धूळ गिरणीइतकी नसते हे खरे, पण गिरणीतला कामगार पाळी संपली की घरी जात असे. आपली लेकरे त्या ढिगाशेजारीच झोपतात. झोपतात कसली, दिवसभर त्यावर उड्या मारतात. कापसाच्या ढिगावर लोळण्याइतके सुख दुसरे नाही. आपणही लहानपणी लोळलोच आहोत.

तर पहिला इलाज औषधाचा नाही, जागेचा आहे. कापूस पडवीत, गोठ्याशेजारच्या खोलीत, जिथे माणूस झोपत नाही आणि चूल पेटत नाही तिथे हलवावा. आगीच्या दृष्टीनेही तेच बरे. एक ठिणगी पुरते. ज्यांची दोनच खोल्यांची घरे आहेत त्यांनी निदान मोकळा ढीग करू नये. गाठोडी बांधून एका भिंतीला लावावीत, वरून जुने लुगडे किंवा ताडपत्री घालावी आणि मुलांचे अंथरूण दुसऱ्या खोलीत न्यावे. त्या खोलीत कोरडा झाडू मारू नये, झाडूने धूळ जात नाही, फक्त उठते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. आणि वेचणी दहिवर उडाल्यावर करावी. ओला कापूस अंगणात उन्हात सुकवून मगच आत घ्यावा. यात नाकाचा फायदा आहे तसा पैशाचाही आहे. सीसीआयच्या केंद्रावर ओलावा आठ टक्के असेल तर पूर्ण भाव मिळतो, त्यावर कपात होते आणि बारा टक्क्यांच्या वर असेल तर गाडी परत फिरते.

कापूस नसलेल्या घरात हेच काम गोधड्या करतात. वर्षभर उतरंडीमागे किंवा पेटीत पडलेल्या गोधड्या थंडी लागली की बाहेर निघतात आणि त्याच रात्री सगळे शिंकू लागतात. लोक म्हणतात, थंडी बाधली. थंडी नव्हे, गोधडीतली धूळ आणि त्या धुळीवर जगणारे डोळ्यांना न दिसणारे किडे बाधतात. धुता येतील त्या गोधड्या कढत पाण्यात धुवाव्यात आणि सगळ्याच आठवड्यातून एकदा कडक उन्हात टाकून काठीने झोडाव्यात. झोडताना तोंडाला फडके बांधावे, आणि ज्याला वावडे आहे त्याने ते काम करूच नये. आपल्याकडे इतर काही कमी असेल, पण ऊन कमी नाही.

शेतातले प्रकार वेगळे. भाद्रपदात बाजरी फुलोऱ्यावर येते, मक्याचे तुरे झडतात, बांधावरचा एरंड फुलतो. परागकण उडतात ते याच दिवसांत. पुढे सोयाबीन आणि मक्याची मळणी, मग हरभरा, गहू आणि आपली दादर. मळणी यंत्राच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस किती भुसा ओढून घेतो, ते त्याच्या रुमालावर संध्याकाळी दिसते. यंत्र लावताना वाऱ्याचा रोख पाहावा आणि माणसांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे. नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क मिळाला तर उत्तम. करोनाच्या साथीने तो बांधण्याची लाज तरी घालवली. नाही तर उपरणे दोन-तीन पदरी करून बांधावे. घरी आल्यावर कपडे बाहेरच उतरवून डोक्यावरून अंघोळ करावी आणि मगच तान्ह्याला उचलावे. बुरसलेला कडबा किंवा भुसा उपसल्यावर ज्याला चार-सहा तासांत ताप, खोकला आणि दम लागतो, आणि असे वारंवार होते, त्याने मात्र ती साधी सर्दी समजू नये. ते फुप्फुसाचे दुखणे असते. डॉक्टरांना "मी बुरसलेला चारा उपसला होता" हे आवर्जून सांगावे, कारण ते विचारतीलच असे नाही.

आणि गाजरगवत. या गवताची पहिली ठळक नोंद 1956 सालची, पुण्याची. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर ते आले असे मानतात, आणि लोकांनी त्याला काँग्रेस गवत हे नाव देऊन टाकले. आता बांध, रस्ता, गावठाण, शाळेचे पटांगण, कुठेही पाहा, पांढरी फुले डुलत असतात. एकेका झाडाला हजारोंनी बी धरते. त्याच्या स्पर्शाने अंगावर चट्टे उठतात आणि परागाने नाक-डोळे खाजतात. उपटायचे ते फुलावर येण्याआधी, पावसाने जमीन मऊ असताना, हातात मोजे घालून, मुळासकट. फुलल्यावर उपटणे म्हणजे पराग आपल्याच तोंडावर झटकून घेणे. मेक्सिकोतून 1983 साली बंगळूरला आणलेले भुंगेरे हे गवत खातात. पावसाळ्यात ते पानांवर दिसले तर कीड समजून त्यांच्यावर फवारा मारू नका. ते आपल्या बाजूचे आहेत.

धूर राहिला. पऱ्हाटीची चूल असेल तर ज्याला वावडे आहे त्याचे नाक कधीच सुकणार नाही. तिखट कुटताना सगळेच शिंकतात, तो भाग निराळा. ते मिरचीचे झोंबणे आहे, वावडे नव्हे.

वावड्यावर घरात करण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट फुकटात होते. एक पेलाभर पाणी चांगले उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात अर्धा लहान चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा आणि त्याने नाक धुवावे. ज्यांना जलनेतीची सवय आहे त्यांना शिकवायला नको. पाणी उकळलेलेच हवे. विहिरीचे, बोअरचे किंवा नळाचे कच्चे पाणी नाकात कधीही घेऊ नये, त्यातून क्वचित का होईना मेंदूपर्यंत जाणारा जीवघेणा रोग होतो. संध्याकाळी मळणीवरून आल्यावर हे केले तर रात्र सुखाची जाते.

गोळ्यांबद्दल थोडे सांगते, कारण यात मी एक हात गेलेला पाहिला आहे. शिंकांवर मिळणाऱ्या जुन्या गोळ्यांनी, म्हणजे क्लोरफेनिरामीन असलेल्या गोळ्यांनी, चांगलीच गुंगी येते. सेट्रिझीननेही काहींना येते. गावात दुकानातून पट्टी आणायची, सकाळी एक घ्यायची आणि मळणी यंत्रावर किंवा कडबा कुट्टीवर उभे राहायचे, असा आमच्याकडचा रिवाज. आमच्या गावातला एक तरणाबांड पोरगा असाच पेंगत्या डोळ्यांनी कुट्टीत पेंढी घालत होता. पुढचे लिहवत नाही. गोळी घ्यायची तर रात्री, काम आटोपल्यावर. जिथे अजून रात्रीच्या पाळीची वीज आहे आणि दारे धरायला अंधारात जावे लागते, तिथे त्या रात्री गोळी नकोच. ट्रॅक्टरवर बसायचे असेल तर गुंगी कमी आणणारी गोळी डॉक्टरांना मागून घ्यावी. तशा गोळ्या आहेत आणि महाग नाहीत. ज्याला दरसाल महिनेच्या महिने त्रास होतो त्याच्यासाठी नाकात मारायचे फवारे डॉक्टर देतात. ते रोज घ्यावे लागतात आणि गुण यायला काही दिवस जातात, म्हणून दोन दिवसांत सोडून देऊ नये. चोंदलेले नाक पाच मिनिटांत मोकळे करणारे थेंब वेगळे. ते तीन-चार दिवसांपेक्षा जास्त घातले तर नाक उलट जास्त चोंदते आणि माणूस त्या बाटलीचा गुलाम होतो.

पुडीवाल्यांपासून मात्र जपा. कागदाच्या पुडीत बांधलेली, नाव नसलेली भुकटी एका दिवसात शिंका आणि दमा दोन्ही थांबवते, तेव्हा तिच्यात बहुधा स्टेरॉईड असते. महिनोन्‌महिने घेतली तर तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

आता खऱ्या पडशाकडे. त्यावर औषध नाही, आराम आहे. आजीबाईच्या बटव्याला मी हसणारी नाही. हळदीचे दूध, आले-गवती चहा, मिठाच्या गुळण्या, गरम कळण्याच्या भाकरीबरोबर पातळ कढण, याने घशाला आणि जिवाला बरे वाटते, आणि पडशात तेवढेच हवे असते. पण दिवसातून चार वेळा मिरे-सुंठीचा काढा पाजून पोटात आग पाडू नये. वाफेने बरे वाटते, आजार लवकर जात नाही. लहान मुलाला उकळत्या पातेल्यापुढे पांघरूण घालून मुळीच बसवू नये. भाजलेली मुले दवाखान्यात येतात ती अशीच. एक वर्षावरील मुलाला रात्री चमचाभर मध खोकल्याला चांगला. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोटही नको.

आणि माझ्या रावेर-यावलच्या भगिनींनो, सर्दी झाली म्हणून मुलाचे केळे तोडू नका. केळ्याने पडसे होत नाही. 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आमच्याच घरात पोराने नाक ओढले की आजी घडावर कापड टाकते!

पडसे पसरते ते हातांनी आणि कोंडलेल्या खोलीतून. धुळ्याकडे पौष-माघात पारा सहा-सात अंशांवर उतरतो, दारे-खिडक्या बंद होतात, सगळे घर एका खोलीत निजते आणि एकाचे पडसे सगळ्यांना लागते. एक खिडकी फटीएवढी उघडी ठेवावी. शेंबूड पदराने पुसून त्याच हाताने भाकरी थापू नये, साबणाने हात धुवावेत.

तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. ते तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. ओवा-वावडिंगाची धुरीही तशीच. बाळाच्या इवल्या श्वासनळीला धूर तो धूर, मग ओव्याचा असो की पऱ्हाटीचा. कापराची पुरचुंडी गळ्यात बांधतात तीही नको, बाळाने तोंडात घातली तर झटके येतात. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याचे दोन थेंब नाकात घालावेत आणि अंगावर पाजत राहावे, तेवढे पुरते.

पत्रातल्या भगिनींनी "दोनदा औषध आणले" असे लिहिले आहे. कोणते, ते लिहिलेले नाही, आणि तीच गोष्ट मला सर्वांत जास्त टोचली. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, साध्या सर्दी-खोकल्याचे पातळ औषध पिऊन वीसहून अधिक लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि ती दगावली. कितीतरी मुलांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत. त्याआधी, 2023 च्या डिसेंबरातच, क्लोरफेनिरामीन व फिनाइलेफ्रीन एकत्र असलेले औषध चार वर्षांखालील मुलांना नको, असा इशारा बाटलीवर छापायला सांगितलेला होता. बाटलीवरची ती बारीक अक्षरे कोण वाचतो! म्हणजे औषध शुद्ध असले तरी त्या वयाला ते नको, आणि अशुद्ध असेल तर घरात प्रेत येते. ज्या आजाराला सात दिवसांत आपोआप बरे व्हायचे आहे त्याच्यासाठी ही जोखीम कशाला घ्यायची? मोठ्या मुलाची उरलेली बाटली धाकट्याला देणे तर आजपासून बंद.

मग डॉक्टरकडे जायचे कधी? मुलाचा सदरा वर करून, ते शांत असताना, घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त श्वास भरले तर तो न्यूमोनिया असू शकतो, त्याच वेळी निघावे. छातीखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल, ओठ निळे पडत असतील तर रात्रीची सकाळही करू नये. आशाताईंना हे मोजणे येते, त्यांना हाक मारा. मोठ्या माणसाच्या छातीत शिटी वाजत असेल, पहाटे दम लागत असेल तर वावडे नाकातून छातीत उतरले समजावे. तो दमा, आणि त्याचे औषध ओढून घ्यायच्या पंपात मिळते. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. दोन आठवड्यांवर टिकलेल्या खोकल्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी फुकट होते. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तर बहुधा आत हरभरा किंवा शेंगदाणा अडकलेला असतो. घरी काडीने काढायला जाऊ नका, तो आणखी आत जातो. गावात इलाज होत नसेल तर जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.

धरणगावकडच्या त्या भगिनींना मी एवढेच कळवले होते की बाटली बंद करा, कापूस पडवीत हलवा, गोधड्या उन्हात टाका आणि पंधरा दिवसांनी लिहा. त्यांचे दुसरे पत्र परवा आले. मालकांनी कुरकुरत का होईना, कापूस हलवला. धाकट्याचे नाक पाचव्या दिवशी कोरडे झाले, त्यांच्या स्वतःच्या शिंकाही थांबल्या. सासूबाई मात्र अजून शिंकतात. त्यांच्या कमरेला तपकिरीची डबी असते, हे सूनबाईंनी या खेपेला कळवले आहे. तेही ता. क. मध्येच.